पाहणी कोणासाठी?

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी एका वावरात जी घटमांडणी होते, तिची वार्ता दरवर्षी वृत्तपत्रांत येते आणि दरवर्षी तिच्यावरून दोन पक्षांत तोच वाद झडतो. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा घालून दिली असे परंपरा सांगते, आणि आजही त्यांच्याच वंशजांकडे ती चालत आलेली आहे. मांडणी अशी असते: जमिनीवर एक वर्तुळ आखायचे, त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अंबाडी, भादली अशी अठरा प्रकारची धान्ये मांडायची, मधोमध खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवायची, ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, सांडोळी, करंजी, पुरी, आणि विड्याच्या पानावर राजाच्या नावाची एक सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले यावरून त्या त्या महिन्याचा पाऊस, कोणते धान्य जागचे हलले वा विखुरले यावरून त्या त्या पिकाचे भवितव्य, भादलीवरून रोगराई, कुरडई-सांडोळीवरून चारापाणी, करंजीवरून तिजोरी आणि सुपारीवरून राजाची गादी सांगितली जाते, आणि ही भाकिते ऐकण्यासाठी जमलेल्या गर्दीत नुसत्या बुलढाण्याचेच नव्हेत, तर आसपासच्या जिल्ह्यांतलेही कास्तकार असतात.

या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे आणि ते खरेच आहे. घागरीतून पाझरणाऱ्या पाण्याला सप्टेंबरातल्या परतीच्या पावसाची खबर असण्याचे काही कारण नाही, आणि तुरीचा दाणा मुंगीने हलविला की नियतीने, हे पहाटे कोणालाच ठरविता येत नाही. तो वाद मला येथे उकरून काढावयाचा नाही. मला विचार करावयाचा आहे तो या मांडणीच्या रचनेचा, कारण शेतीविषयक माहिती एका दृष्टिक्षेपात दाखविण्यासाठी आज जे संगणकीय फलक तयार होत आहेत, ज्यांना सर्रास डॅशबोर्ड म्हणतात, त्यांच्या रचनाकारांना ज्या तीन गोष्टी बहुधा साधत नाहीत, त्या या अशास्त्रीय मांडणीला पूर्णपणे साधलेल्या आहेत. एक तर ती कोणासाठी आहे हे निःसंदिग्ध आहे: ती पेरणाऱ्यासाठी आहे. दुसरे, ती केव्हा वाचली जाते ते निश्चित आहे: पेरणीच्या काही आठवडे आधी, म्हणजे बियाणे घ्यायचे, उसनवारी करायची, कोणते वावर कोणत्या पिकाखाली घालायचे याचा निर्णय अजून हातात असताना. आणि तिसरे, तीत मांडलेली प्रत्येक वस्तू ही पेरणाऱ्याच्या मनात आधीच उभ्या असलेल्या एखाद्या प्रश्नाच्या जागी ठेवलेली आहे. प्रश्न नाही आणि तरी वस्तू आहे, असे तेथे काहीही नाही. तिचे उत्तर खोटे आहे, पण तिचा प्रश्न खरा आहे. आपल्या आधुनिक फलकांची अवस्था पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते, आणि ती तशी का आहे हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वऱ्हाडात शेताची पाहणी ही काही उपग्रह आणि भ्रमणध्वनी यांच्याबरोबर आलेली गोष्ट नव्हे. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर पुढल्या दशकात येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी आणि जमाबंदी सुरू झाली, आणि त्या पद्धतीचा पाया होता तो गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात. त्या अहवालातील जमिनीची प्रतबंदी ज्याने नीट पाहिली असेल, त्याला आजच्या फलककारांच्या पुष्कळ युक्त्या शिळ्या वाटतील. प्रतदार शेतात जाई, शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे रेघांनी सारखे कप्पे पाडी, प्रत्येक कप्प्यात खणून मातीची खोली हातांच्या मापाने पाही, तिचा रंग व पोत पाहून तिला वर्ग देई, आणि मग त्या जमिनीचे दोष ठराविक खुणांनी त्याच कप्प्यात नोंदवी: चुनखडीचे गोटे असतील तर एक खूण, वाळू मिसळलेली असेल तर दुसरी, उतार असेल तर तिसरी, पावसाचा लोंढा वरून जात असेल तर आणखी वेगळी. दर दोषाला जमिनीची प्रत एकेक वर्गाने उतरे, आणि शेवटी सगळे कप्पे मिळून त्या शेताची किंमत सोळा आण्यांत किती, हे एका आकड्यात निघे. सबंध शेत, त्याची उंचसखलता, त्याचे गुण आणि अवगुण, हातभर कागदावर. आणि तेही असे की वरिष्ठ अधिकाऱ्याने शेतावर जाऊन कप्प्यागणिक ताडून पाहावे. मला ही रचना मनापासून थोर वाटते. पण सारा किती बसवायचा, एवढ्या एकाच प्रश्नासाठी तिचा जन्म झाला होता, आणि ज्या कुणब्याच्या पायाखाली ती जमीन होती त्याला, या कप्प्यात चुनखडी आहे तर येथे काय पेरू, असे त्या कागदाला विचारण्याची सोय नव्हती. कागद दप्तरात गेला. कुणब्याकडे आली ती साऱ्याची रक्कम.

खामगावची कथा याच अंगाने वाचण्यासारखी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाडचे महत्त्व एकाएकी वाढले. कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला, आणि लागवडीचे क्षेत्र, हवामान, पिकाची स्थिती, बाजारातील आवक यांचे तक्ते नियमाने वर जाऊ लागले. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला, त्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, आणि तारायंत्राने खामगावची कापूसपेठ लिव्हरपूलच्या पेढ्यांशी जोडली गेली. लिव्हरपूलमध्ये बसलेल्या व्यापाऱ्याला वऱ्हाडातील पराटीची हकीकत जितकी लवकर कळू लागली, तितक्या लवकर ती पलीकडच्या तालुक्यातील कास्तकारालाही कळत नसेल. एवढी जागरूक पाहणी असताना १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच मुलूख होरपळून निघाला, यात मला विसंगती दिसत नाही. पाहणी कापसाची होती; कापूस पिकविणाऱ्याच्या कणगीत ज्वारी किती आहे, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता, आणि जो रकाना तक्त्यात नसतो त्याच्याविषयी कोणतीही कचेरी जागी राहत नाही.

हा इतिहास मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. राज्ययंत्रणेला आपल्या मुलुखाची नोंद ठेवावीच लागते, आणि पाहणीपत्रकाशिवाय ना तगाई वाटता येते, ना नुकसानभरपाई. मुद्दा असा की दीडशे वर्षांत मोजणीची साधने पालटली, पण वाचकाची जागा पालटली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी गाव नमुना बारावर तलाठी जी पिके लिही, ती आता खातेदाराने स्वतः वावरात उभे राहून, छायाचित्र काढून नोंदवायची. लिहिणारा हात कास्तकाराचा झाला ही सुधारणा लहान नाही, कारण कचेरीत बसून पिके भरण्याच्या जुन्या खोडीला तिने आळा घातला. पण आपल्याच नोंदीतून त्या कास्तकाराला परत काय मिळते? आपल्या शिवारात यंदा किती जणांनी हरभरा घातला, किती जणांनी कांदा, हे पेरणी चालू असतानाच त्याच्या हातातल्या पडद्यावर दिसले, तर चार महिन्यांनी भाव कोसळेल की काय याचा अदमास त्याला आजच बांधता येईल. देऊळगाव राजाच्या भागात कांद्याचे बीजोत्पादन करणाऱ्यांना ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. ती गोळा करण्याचे काम ते स्वतःच करतात. मात्र ती एकत्र होऊन वाचली जाते ती दुसरीकडे.

जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी बसून जो फलक पाहिला जातो, त्याचा सर्वांत प्रिय आकडा म्हणजे सरासरी. बुलढाणा जिल्ह्याइतका सरासरीला न जुमानणारा जिल्हा शोधूनही सापडणार नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन तुकडे केलेले आहेत: वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा, हा घाटावरचा भाग, खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर, हा पूर्णेच्या खोऱ्यातील घाटाखालचा. जुन्या कागदपत्रांतले बाळाघाट आणि पायनघाट ते हेच. वर मुरमाड, मध्यम, हलकी जमीन जागोजागी. खाली खोल काळी माती, आणि तीत भर म्हणून खारपाणपट्टा, जेथे विहिरीला पाणी लागते पण ते ना पिता येते, ना पिकाला देता येते. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत जो हाहाकार उडाला, नदीनाल्यांचे पाणी गावांत शिरले आणि पिकांसकट माती खरवडून गेली, त्या दिवशीचा जिल्ह्याचा सरासरी पाऊस घेऊन कोणी बसला असता, तर त्याला ना त्या दोन तालुक्यांची कल्पना आली असती, ना घाटावरची. सरासरी म्हणजे कोणत्याच वावरात न पडलेला पाऊस.

याला उत्तर म्हणून आता बहुतेक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्र बसविलेले आहे. महावेध या प्रकल्पाखाली राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली, आणि पूर्वी तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावर जी भिस्त होती तिच्या मानाने ही मोठीच प्रगती आहे. पण मंडळ म्हणजे दहापंधरा, कोठे त्याहूनही अधिक गावे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा नियम. आणि पावसाळ्यातला ढग कोणत्या मंडळाची हद्द कोठे संपते हे पाहून कोसळत नाही. केंद्रापासून तीन कोसांवरच्या वावरात बांध फुटून सोयाबीन लोळत पडलेले असते आणि केंद्राच्या नोंदीला ६१ मिलिमीटर असते, असे घडल्यावर त्या कास्तकाराला फलकावर जो दिसतो तो नुसता आकडा नसतो, तो त्याच्या विरुद्ध दिलेला निकाल असतो. आणि या निकालात एक गोष्ट दडवलेली असते: हे मोजमाप कोठे उभे राहून केले. मी रचनाकार असतो तर पावसाच्या प्रत्येक आकड्याशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, केंद्राचे गाव आणि वाचकाच्या गटापासून त्याचे अंतर लिहिणे बंधनकारक केले असते. हे तंत्रदृष्ट्या अगदी क्षुल्लक काम आहे. ते होत नाही, कारण वरून पाहणाऱ्याला त्याची गरज भासत नाही.

पैसेवारीची, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाच्या सरकारी अंदाजाची, गोष्ट याहून जुनी. आण्यांच्या काळात आणेवारी होती, दशमान नाणी आली तशी पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळसदृश स्थिती, वर राहिली तर नाही. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर. सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आसपास उरकते, माल अडत्याकडे जातो, त्यातून उसनवारी फिटते किंवा फिटत नाही, आणि मग वर्षाच्या शेवटच्या दिवशी शासन सांगते की यंदा पीक अमुक पैसे झाले. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्याची तूट, मातीतील ओल, उपग्रहातून दिसणारी वनस्पतींची हिरवाई असे निर्देशक आणले, आणि त्यांच्या आधारे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे वेळ दोन महिन्यांनी अलीकडे आली. पण उपग्रहाची हिरवाई हा निर्देशक सोयाबीनच्या मुलुखात जपूनच वापरावा लागतो. ऑगस्टात पावसाची झड लागली की सोयाबीन माजते. झाड कमरेएवढे, पान गच्च हिरवे, आणि वाकून पाहावे तो शेंगांचा पत्ता नाही. वरून पाहणाऱ्याला ते वावर उत्तम दिसते. बांधावरच्या गाजरगवताचा हिरवा रंगही वरून काही वाईट दिसत नाही.

पां. वा. सुखात्मे यांच्या कार्याचे स्मरण येथे अपरिहार्य होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजासाठी पीक कापणी प्रयोगांची पद्धत भारतभर रुजवीत होता, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्याशी त्याचा जो गाजलेला वाद झाला, तो वरवर पाहता अगदी क्षुद्र विषयावर होता: कापणीसाठी शेतात आखायचा तुकडा लहान असावा की मोठा. लहान तुकड्याने श्रम व खर्च वाचतो, आणि तसे अनेक तुकडे घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा जितका लहान तितकी त्याच्या कडेची लांबी त्याच्या क्षेत्राच्या मानाने अधिक, आणि कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा संशय पडला की मोजणारा माणूस नकळत ते आत धरतो. परिणामी लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्याहून फुगते. हात माणसाचा, चूक निर्हेतुक, आणि तरी सगळ्या चुका एकाच दिशेला! आकडा कसा जन्माला आला हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याला रंग देऊन नकाशावर लावणे किती धोक्याचे आहे, हे मला या एका वादाने जितके पटविले तितके सांख्यिकीच्या साऱ्या ग्रंथांनी पटविले नसते.

आता जिल्ह्याच्या कचेरीतून उतरून एका वावरात येऊ, कारण डॅशबोर्डाचा धंदा अलीकडे तेथेही पोहोचला आहे. मातीत खुपसलेली शलाका, तिच्याशी जोडलेला सौर पट्टा, आणि भ्रमणध्वनीवर येणारा ओलीचा टक्का: २६, २४, २३. या टक्क्याचा अर्थ काय? खोल काळ्या मातीत आकारमानाच्या पंचवीस टक्क्यांच्या आसपास पाणी असूनही पीक माना टाकू लागते, कारण चिकणमातीचे सूक्ष्म कण ते पाणी इतक्या घट्टपणे धरून ठेवतात की मुळांना ते ओढता येत नाही. घाटावरच्या मुरमाड हलक्या जमिनीत तेच पंचवीस टक्के म्हणजे नुकताच पाऊस होऊन गेल्याची खूण. एकच आकडा, एकीकडे आकांत आणि दुसरीकडे चैन. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि शलाकेच्या बाजूने भेग गेली की ती मातीची नव्हे, तर हवेची ओल मोजू लागते. आणि खारपाणपट्ट्यात याहून मोठी गंमत होते. विद्युत गुणधर्मांवरून ओल ताडणाऱ्या स्वस्त उपकरणांना क्षार आणि पाणी यांतला फरक चांगलासा कळत नाही. क्षारांनी मातीची विद्युतवाहकता वाढते आणि उपकरण जमीन आहे त्याहून ओली दाखविते. म्हणजे संग्रामपूर-शेगावच्या ज्या पट्ट्यात ओलीची अचूक माहिती सर्वांत निकडीची, तेथेच ते यंत्र खोट्या समाधानाचे टक्के पाठवीत बसते. समजा ते बरोबर चालले आणि त्याने सांगितले की पिकाला आता पाणी हवे. पण ज्याच्या विहिरीत खारे पाणी आहे त्याने ते कोठून द्यावे? ज्या सूचनेनंतर करण्याजोगे काहीच नाही ती सूचना नव्हे, नुसता जाच.

कास्तकार ओल कशी पाहतो? तो टाचेने ढेकूळ फोडतो, मूठभर माती दाबून पाहतो, गोळा बसतो की भुगा होतो ते बघतो, आणि म्हणतो, आज वाफसा नाही, उद्या दुपारून डवरे घालू. त्याच्या मापात तीनच पायऱ्या आहेत: चिखल, वाफसा, कोरड, आणि प्रत्येक पायरीला एक काम जोडलेले आहे. यंत्राने हे माप मोडीत काढू नये, ते त्याने शिकून घ्यावे. एकदा त्या वावरातल्या मातीवर यंत्राचे माप बसविले, की टक्के पडद्याआड जाऊ द्यावेत आणि पडद्यावर एवढेच यावे: खालच्या वावरात उद्या वाफसा येईल, वरच्या वावरात आजच आहे. यावर कोणी म्हणेल की ही तर अडाण्यासाठी केलेली सोपी आवृत्ती झाली. मला हा आक्षेप उलटा वाटतो. टक्के छापणे सोपे आहे. तो टक्का या मातीत, या पिकाला, या आठवड्यात काय सांगतो हे ठरविण्यासच खरे ज्ञान लागते, आणि ते काम रचनाकाराने टाळले म्हणजे ते पावसात भिजत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊन पडते.

हे काम नीट केल्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच कापसाच्या मुलुखात आहे, आणि त्यात संगणकाचा लवलेश नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पराटी पोखरल्यानंतर कामगंध सापळ्यांचा प्रचार मोठ्या प्रमाणावर झाला. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे लावायचे, रोज सकाळी त्यांतले नर पतंग मोजायचे, आणि एका सापळ्यात सरासरी आठ पतंग सलग तीन रात्री सापडले, तर उपाय सुरू करायचा. जोडीला दोन पडताळे: फुलांत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या कळ्या, किती आहेत ते पाहायचे, आणि एकरी वीस हिरवी बोंडे तोडून ती दाताने वा दगडाने फोडायची, वीसपैकी दोहोंत अळी निघाली, म्हणजे दहा टक्के झाले, तर फवारणी. हे कोष्टक मी पुनःपुन्हा तपासून पाहिले आणि प्रत्येक वेळी त्याच्या रचनेचे कौतुकच वाटले. आठ हा आकडा एकटा नाही, त्याला सलग तीन रात्रींची अट आहे, म्हणून एखाद्या रात्रीच्या वाऱ्याने घाबरून औषधाचा खर्च होत नाही. अट पूर्ण झाली की काय करायचे हे आधीच ठरलेले आहे. सापळ्याची साक्ष बोंडाने ताडून घ्यायची आहे, म्हणजे एका साधनावर आंधळा विश्वास नाही. आणि मोजणारा, वाचणारा व करणारा हा एकच माणूस आहे. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा जो प्रादुर्भाव झाला, त्यानंतर शासनाने क्रॉपसॅप या नावाने किडींच्या पाहणीची राज्यव्यापी व्यवस्था उभी केली. गावोगावच्या निरीक्षणांवरून धोक्याची पातळी ओलांडलेली गावे शोधून तेथे सल्ला धाडायचा, ही तिची कल्पना निःसंशय योग्य आहे. पण सल्ला निघून, लिहून, भ्रमणध्वनीवर पोहोचेतो अळीने पुढची कात टाकलेली असते. सापळ्याशी उभा असलेला माणूस त्या सल्ल्याच्या पुढे असतो.

आक्षेप असा येईल की हे सारे एका वावरापुरते झाले. जिल्ह्याचा कारभार ज्याला हाकायचा आहे त्याने पाच-सहा लाख खातेदारांची वावरे एकेक करून पाहायची काय? नाही. त्याला गोषवारा हवाच. माझे म्हणणे गोषवाऱ्याविरुद्ध नाही. ते एकाच फलकाने दोन वाचकांची सेवा करण्याच्या अट्टहासाविरुद्ध आहे. कृषी अधिकाऱ्याला विचारायचे असते की माझी माणसे आणि औषधे कोणत्या मंडळात धाडू. विमा कंपनीला विचारायचे असते की दावा ग्राह्य आहे काय. आणि पेरणाऱ्याला विचारायचे असते की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असे कृषिखाते म्हणते, तर माझ्या वावरात आजवर किती झाला आणि पुढचे आठ दिवस उघडीप आहे काय, कारण दुबार पेरणीचे बियाणे घेण्याची माझी ऐपत नाही. एकाच पडद्यावर या तिघांना बसविले की सर्वांत वजनदार वाचकाच्या सोयीने पडदा आकार घेतो. बाकीच्यांना मग तो उघडून दाखविला जातो, आणि त्याला पारदर्शकता असे नाव देतात.

याच फलकांतली एक खोड मला फार सलते, म्हणून तिच्यासाठी थोडी जागा घेतो. केंद्र बंद पडले, तारेला गंज चढला, पर्जन्यमापकाच्या गाळणीत पाखराने काड्या भरल्या, तर त्या दिवशीचा पाऊस काय दिसतो? पुष्कळदा शून्य. पाऊस झाला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन सर्वस्वी भिन्न विधानांना एकच चिन्ह मिळते, आणि शून्याचा भरवसा धरून सरासरीही काढली जाते.  आपल्या नकाशाकारांना कोरी जागा सोसवत नाही. ती शेजारच्या दोन केंद्रांवरून भरून काढली जाते आणि भरलेल्या रंगात मोजलेले कोठले आणि अनुमानिलेले कोठले, याची खूण उरत नाही. शिवाय लाल आणि हिरवा हे जे लाडके रंगयुग्म आहे, ते काही पुरुषांना नीट ओळखता येत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात वावरात उभे राहून पडदा पाहणाऱ्याला तर कोणताच रंग दिसत नाही. काळ्या अक्षरांत लिहिलेले एक वाक्य मात्र दिसते.

माहिती वाचून सगळ्या गावाने मिळून निर्णय घ्यायचा, हे स्वप्न नाही याला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा दाखला पुरेसा आहे. तेथे गावात पाऊस मोजला जातो, ठरलेल्या विहिरींची पातळी घेतली जाते, त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आणि ग्रामसभा ठरविते की यंदा रब्बीला कोणती पिके घ्यायची आणि कोणती टाळायची. उसाला आणि केळीला तेथे बंदी आहे, सिंचनासाठी कूपनलिका खोदण्यालाही बंदी आहे. आकडे साधेच असतात. कोठल्याही तालुक्याच्या फलकावर याहून दसपट अधिक आकडे सापडतील. फरक इतकाच की हिवरे बाजारात आकडा वाचला जाण्यापूर्वी, तो कोणी वाचायचा आणि वाचून काय करायचे, हे ठरलेले असते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात २०१८ पासून बुलढाण्यासह पंधरा जिल्ह्यांतील गावे आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा घेतला गेला, तेव्हा गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाचे गणितही त्यात आले. गणित उत्तम आहे. ते ग्रामसभेच्या ठरावापर्यंत कितपत पोहोचले, याची चौकशी प्रत्येक गावाने आपली आपण करावी.

बुलढाण्यासाठी एखादा फलक करायला मला कोणी सांगितले, तर मी संगणकापाशी सर्वांत शेवटी जाईन; सुरुवात वेळेच्या हिशोबापासून करीन. २०२५ च्या खरिपापूर्वी महाराष्ट्रात पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाले तर त्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. रात्री पाऊस कोसळे, सकाळी साडेआठला मंडळाच्या केंद्राची नोंद होई, ती वर जाई, तपासली जाई, नकाशात भरली जाई, आणि जिच्यावर कास्तकाराचा हक्क अवलंबून असे ती नोंद त्याने पाहेतो घड्याळ पुढे गेलेले असे. म्हणून माझी मागणी अशी की मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, जेथे करवसुलीच्या नोटिसा लागतात तेथेच, सकाळी दहाच्या आत त्या दिवशीची नोंद खडूने लिहिली जावी: केंद्र कोठले, मोजणी किती वाजताची, पाऊस किती, आणि केंद्र बंद असेल तर, बंद आहे. शेजारी एक रकाना गावच्या स्वतःच्या पर्जन्यमापकासाठी असावा. ते उपकरण अगदी अल्प किमतीत येते, शाळेच्या आवारात ते बसते, आणि सातवीतल्या मुलाला ते वाचता येते. दोन आकड्यांत तफावत पडेल. ती पडावीच, त्या तफावतीवर गावातल्या पाच जणांच्या सह्या घेऊन तो कागद त्याच दिवशी तलाठ्याच्या दप्तरी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.